बर्फावरचं कांडप

राजहंसगडाच्या चढावर दोन हातांत दोन उंच काठ्या घेऊन निघालेली बाई दिसली की येळ्ळूरकर एकच विचारतात, "पायाला काय झालंय ओ बाई?" पहिला महिनाभर मी थांबून समजावून सांगायची की या बर्फावरच्या स्कीइंगच्या काठ्या आहेत. आता "मोडला होता" एवढंच म्हणते आणि पुढे सुटते. ते अगदीच खोटं नाही.

मोडला नव्हता, मोडायच्या बेतात होता. पावसाळा सरला की बेळगावात पळणाऱ्यांना उधाण येतं. हवा गार, वेंगुर्ला रोडच्या दोन्ही अंगांना भात पोटरीतून बाहेर पडलेलं, धूळ अजून उठायची असते. आम्ही चौघी रविवारी सुळगा-उचगावच्या बाजूला गाडी लावायचो, बाची ओलांडून शिनोळीला जायचो, म्हणजे महाराष्ट्रात चहा प्यायचो आणि परत कर्नाटकात यायचो. त्या भरात मी आठवड्याचे २५ किलोमीटर तीन आठवड्यांत ४५वर नेले. डिसेंबरात हाफ मॅरेथॉन होती आणि मागची २ तास १६ मिनिटांची वेळ डोक्यात बसलेली. दिवाळीच्या आठ दिवस आधी डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या चार बोटं वर, एका ठिकाणी बोट टेकवलं की कळ येऊ लागली. एमआरआय झाला. डॉक्टर म्हणाले, हाडाला चीर गेलेली नाही, पण जाईल. आठ आठवडे पळणं बंद.

पळताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून अंगाच्या वजनाच्या दोन ते तीन पट धक्का येतो. माझी मिनिटाला १६५ पावलं पडतात. त्या धक्क्यांनी हाडाला बारीक इजा होत असते आणि विश्रांतीत ती भरून येत असते. इजा भरण्याच्या पुढे पळाली की झालं. डॉक्टरांनी हे कागदावर दोन बाण काढून समजावलं. मला ते समजलं होतं. पटलं मात्र नव्हतं, कारण दम शिल्लक होता आणि पाय थांबलेले होते.

पोहून बघितलं. तलावावर बायकांची वेळ माझ्या ऑफिसच्या वेळेवर पडते. सायकल चालवली, कंबर धरली. ते जाऊ दे.

जानेवारीत धाकट्या बहिणीचं बाळंतपण होतं, ओस्लोला. आई सत्तरीची, तिला एकटीला पाठवायची आमची छाती नव्हती. मी पतसंस्थेत नोकरी करते. तीन महिन्यांची बिनपगारी रजा मिळाली. प्रवासी व्हिसावर नाहीतरी ९० दिवसांच्या वर राहू देत नाहीत. निघायच्या आधी बहिणीचा फोन आला, "अक्का, डिंक आण, आळीव आण, कुंदा आण. पळायचे बूट तेवढे आणू नकोस. इथं रस्त्यावर काच पसरल्यासारखा बर्फ असतो. तुझा दुसरा पाय पण जाईल." मी बूट घेतले. तीन महिन्यांत ते पेटीतून एकदाही निघाले नाहीत.

ओस्लोत जानेवारीत नऊच्या सुमाराला उजाडतं आणि साडेतीन-चारला मावळतं. बाळाला सकाळी न्हाऊमाखू घालून, बहिणीचा शेक-शेगडी आटोपून मी खिडकीशी बसायची. समोरच्या इमारतीतून माणसं खांद्यावर लांबच लांब पट्ट्या, म्हणजे बर्फावर घसरायच्या स्की, टाकून मेट्रोला निघालेली दिसायची. आपल्याकडे लोक भाजीची पिशवी घेऊन निघतात तसं. पाच नंबरची लाइन सोन्सवान नावाच्या तळ्यापाशी संपते आणि तिथून नूरमार्काचं जंगल सुरू होतं. जंगलात यंत्राने बर्फ दाबून दोन-दोन चाकोऱ्या पाडून ठेवलेल्या. संध्याकाळी त्यांवर दिवे लागतात. तिकीट नाही, फाटक नाही. स्की आणि बूट उसने देणारं सार्वजनिक केंद्र होतं, तेही फुकट. नॉर्वेत म्हणतात की इथलं मूल पायांत स्की घालूनच जन्माला येतं. आमचं बाळ बिनस्कीचंच जन्मलं, तरी साडेतीन किलोचं होतं म्हणून आई खूश.

मला जंगलात नेलं ते शेजारच्या आजींनी. वय ७१, निवृत्त नर्स. मी कुंद्याची वाटी घेऊन गेले. त्यांनी चमचाभर खाल्ला आणि फ्रीजमधून विटकरी रंगाची एक वडी काढून पुढे ठेवली. त्यांचं ब्राऊन चीज. दुधाची निवळ आटवून आटवून खरपूस करतात, चवीला कुंद्याची मावसबहीणच, फक्त खारट. तिथून आमचं जमलं. माझी नडगीची गोष्ट ऐकून त्या म्हणाल्या, मग पळू नकोस, स्की कर, आमचे पळणारे हिवाळाभर तेच करतात. मग इन्ग्रिड क्रिस्टियानसेनचं नाव निघालं. १९८५ला लंडनला २:२१:०६ची मॅरेथॉन पळालेली, तो विश्वविक्रम १३ वर्षं टिकला. ती मुळात क्रॉस-कंट्री स्कीइंगमधली, पळण्यात नंतर आली. हे आजींनी घरच्या सुनेबद्दल सांगावं तसं सांगितलं.

क्रॉस-कंट्री म्हणजे डोंगरावरून घसरत येण्याची ती स्कीइंग नव्हे. स्की अरुंद आणि हलकी, बुटाचं फक्त टोक अडकवलेलं, टाच मोकळी. सपाटीवर आणि चढावर स्वतःच्या जोरावर जायचं. तिचे दोन प्रकार. एक क्लासिक, म्हणजे दोन समांतर चाकोऱ्यांतून लांब चालल्यासारखं. दुसरा स्केटिंग, म्हणजे पाय तिरके टाकत. हा दुसरा गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात जोरात आला आणि त्याच्या वेगाने इतकी खळबळ उडवली की पुढे शर्यतीच दोन प्रकारांत वाटाव्या लागल्या. आजी क्लासिकवाल्या. स्केटिंगवाल्यांकडे त्या ज्या नजरेने बघायच्या ती नजर मी आमच्याकडे भजनी मंडळात डीजेकडे बघणाऱ्यांची पाहिली आहे.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या काठ्या काढून घेतल्या. बिनकाठ्यांचं तळ्याकाठच्या सपाटीवर चालायचं. मी पाच पावलांत तीनदा आपटले. बर्फात पडायला फारसं लागत नाही, उठायला लागतं. दोन स्की एकमेकींत अडकलेल्या असताना उठणं म्हणजे लहानपणी मच्छरदाणीत गुरफटून जाग यायची तसं काहीतरी. शेजारून चार वर्षांची पोरं सुळकन निघून जायची, मागे वळून बघायचीही नाहीत.

मी अडकले ती मात्र पडण्यात नाही, "किक"मध्ये. स्कीला मधोमध कमान असते. दोन्ही पायांवर वजन वाटलेलं असलं की कमान बर्फाला टेकत नाही आणि स्की घसरते. सगळं वजन एका पायावर आलं की कमान दबते, तिथलं चिकट मेण बर्फाला धरतं आणि त्या क्षणी मागे रेटा देता येतो, तीच किक. म्हणजे पूर्ण वजन एका पायावर, मग पूर्ण वजन दुसऱ्या पायावर. अर्धंमुर्धं चालत नाही. उजव्या पायावर मला हे चौथ्या दिवशी जमलं. डाव्या पायावर दोन आठवडे जमेना. उजव्यावर दोन-तीन सेकंद तरंगत जायची, डाव्यावर लगेच दुसरा पाय टेकवावा लागायचा. आजी मागून बघत होत्या. म्हणाल्या, तुझी डावी कमर खाली बसते.

मी पाच वर्षं पळते. घड्याळ, अ‍ॅप, बुटांचे तीन जोड, सगळं केलं. पळणं म्हणजे तरी काय, एका पायावरून दुसऱ्या पायावर उडी. पण ती इतकी झटकन संपते की कुठला पाय लबाडी करतोय ते लपून जातं. स्कीवर लपत नाही. डाव्या नितंबाचा बाजूचा स्नायू कमकुवत, त्यामुळे प्रत्येक पावलाला गुडघा आत आणि नडगीवर पीळ. बेळगावला परतल्यावर फिजिओने हेच हाताने दाबून दाखवलं. मला ते ओस्लोच्या चाकोरीत, दोन्ही पायांच्या घसरण्यातल्या फरकावरून आधीच कळलेलं होतं. पुढचं काही वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं घ्या : एका पायावर डोळे मिटून तीस सेकंद उभं राहून बघा. मग दुसऱ्यावर.

दुसरं कोडं काठ्यांचं. क्लासिकमध्ये एक चाल अशी असते की पाय स्थिर ठेवून दोन्ही काठ्या एकदम रोवायच्या आणि स्वतःला पुढे ढकलायचं. डबल पोलिंग म्हणतात. मी दंडाच्या जोरावर ढकलायची. पाचशे मीटरमध्ये हात लाकूड व्हायचे. आजी काहीतरी सांगायच्या, पोटातून, पोटातून म्हणायच्या, मी मान हलवायची.

एका रविवारी आई तळ्यावर आली. जावयाची जाडजूड कोट-टोपी घालून, बाकावर बसलेली. मी पाच-सहा फेऱ्या मारल्या. थांबले तर म्हणते, "हातानं काय मारूलीस गं? कांडप कधी बघितलं नाहीस काय?"

बघितलं होतं. आजोळी, बेळगावच्या पश्चिमेला, परसदारात उखळ होतं. दोन बायका समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीने मुसळ टाकायच्या.

"मुसळ आपण मारत नाही. उचलतो. पडतं ते आपलं आपण. आपण नुसतं त्याच्या मागं वाकायचं."

तेवढंच. मी टाचा उचलून उंच झाले, काठ्या पुढे टेकल्या आणि अंग त्यांच्यावर सोडून दिलं. पोट आपोआप आवळलं, काठ्या मागे गेल्या, मी पुढे. हातांनी काही केलंच नाही, ते फक्त वाट दाखवत होते. मुठी मागे जाताना उघडायच्या, जोर काठीच्या पट्ट्यातून जातो, हेही त्या दिवशी लक्षात आलं. आजींना मी मोडक्या इंग्रजीत आईचं वाक्य सांगितलं. उखळ म्हणजे काय हे हातवारे करून दाखवलं. त्यांनी आईच्या पाठीवर थाप मारली. आईला तो प्रकार आवडला नाही, पण घरी येऊन तिने फोनवर चार जणींना सांगितला.

त्यानंतर आईची ड्यूटी ठरली. "मी बघतो की पोराला, तू जा," म्हणायची आणि मी सकाळी अकराला सटकायची.

मेणाबद्दल लिहायला बसले तर वेगळा लेख होईल. क्लासिक स्कीच्या मधल्या भागाला पकडीचं मेण लागतं आणि ते तापमानावर ठरतं. निळं नेहमीच्या थंडीला, हिरवं कडाक्याला, जांभळं आणि लाल शून्याच्या आसपास. बर्फ वितळून परत गोठलेला असेल तर क्लिस्टर नावाचा गुळाच्या पाकासारखा चिकटा. तो एकदा हाताला लागला की केसांत, जावयाच्या सोफ्यावर, सगळीकडे. पातळ थर द्यायचा, बुचाने घासायचा, परत थर. मेण चुकलं तर दोनच गोष्टी होतात. एक तर चढावर मागे घसरता, नाहीतर बर्फाचा गोळा तळाला चिकटून स्कीची खडाऊ होते. मेण नको असेल त्यांच्यासाठी तळाला खवले पाडलेल्या स्की मिळतात. जात्याला टाके मारतात तसे खवले, पुढे जाऊ देतात, मागे येऊ देत नाहीत. पहिल्या महिन्यात मी त्याच वापरल्या आणि नवीन माणसाने त्याच वापराव्यात असं माझं मत आहे. आजींचं मत वेगळं आहे.

पाचव्या आठवड्यात मी सलग दहा किलोमीटर केले. त्यात निम्मं चढ. नाडीचं घड्याळ बघून चकित झाले. पळताना नाडी १५०वर जायला वेग लागतो, इथे चालल्यासारखं वाटत असतानाच १५० झालेली. पाय, पाठ, पोट, दंड सगळेच एकदम रक्त मागतात. जगातल्या सगळ्यात जास्त प्राणवायू वापरू शकणाऱ्या खेळाडूंत क्रॉस-कंट्रीवाले वर्षानुवर्षं अगदी वर असतात, ते उगीच नाही. फेब्रुवारीत आठवड्यातून एकदा "चार गुणिले चार" सुरू केलं. चढावर चार मिनिटं बोलता येणार नाही इतक्या जोरात, मग तीन मिनिटं सावकाश, असं चार वेळा. ट्रॉनहाइमच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी ही पद्धत अभ्यासून नावारूपाला आणली आणि आजींच्या नातवापासून हृदयविकाराच्या पेशंटपर्यंत ती सगळ्यांना ठाऊक होती. उणे बारात तोंडाने हवा ओढली की छातीत सुया टोचतात आणि घरी आल्यावर तासभर खोकला. नाकातोंडावर कापडी पट्टी बांधल्यावर कमी झाला.

नडगी? एक दिवसही नाही. पाय बर्फावर आदळतच नाही, सरकतो.

मार्चमध्ये टीव्हीवर बिर्केबायनर शर्यत लागली होती. रेनापासून लिलेहामरपर्यंत ५४ किलोमीटर, १९३२पासून चालू आहे आणि प्रत्येकाच्या पाठीवर किमान साडेतीन किलोची पिशवी असलीच पाहिजे. १२०६च्या यादवीत दोन शिपायांनी लहानग्या राजपुत्र हाकोनला छातीशी धरून बर्फातून डोंगरापार पोचवलं, त्या पोराचं वजन म्हणून ही पिशवी. जावयाने हे सांगितलं तेव्हा आमच्या मांडीवर नेमकं तेवढ्याच वजनाचं जन्मलेलं पोर होतं, मला जरा भरून आलं. आईने विचारलं, तो राजपुत्र केवढा होता? दीड वर्षाचा. "दीड वर्षाचं पोर साडेतीन किलोचं? खायला घालत नव्हते काय त्याला?"

मार्चअखेर परतलो. आजींनी त्यांच्या जुन्या रोलर-स्की दिल्या, हातभर लांबीच्या, पुढेमागे एकेक रबरी चाक. क्लासिकच्या रोलर-स्कीचं एक चाक पुढेच फिरतं, मागे अडतं, म्हणजे चढावर मेणाचं काम चाकच करतं. त्या पेटीत मावल्या. १३० सेंटीमीटरच्या काठ्या मावेनात, त्या सतरंजीत गुंडाळल्या. गोव्याच्या विमानतळावर एकाने मासे पकडायच्या का म्हणून विचारलं.

आता चूक. ही सांगण्यासाठीच लिहायला बसले.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पहाटे रेसकोर्सवर पळायला गेले. पाच महिन्यांनी. पाच किलोमीटर, आणि नाडी पूर्वीपेक्षा दहाने कमी! दम लागतच नाही. चढावर मैत्रिणी मागे राहिल्या. मला वाटलं, आता काय, हिवाळ्यात मी इंजिनच बदलून आणलं. दुसऱ्या आठवड्यात दहा. तिसऱ्या आठवड्यात राजहंसगड चढून वरून पळत खाली. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरून उलटी उतरले. मांड्या अशा भरल्या की ऑफिसात खुर्चीत बसताना आवाज निघे. आणि चौथ्या दिवशी तीच नडगी, तीच चार बोटं वरची जागा.

फिजिओने विचारलं, तीन महिन्यांत धक्का किती खाल्लास? शून्य. मग हाड कशाच्या जोरावर तयार असेल? स्कीइंगने हृदय, फुप्फुसं, पाठ, पोट तयार ठेवली. ज्या धक्क्यापासून मी पळाले होते त्याच धक्क्याने हाड घट्ट होतं, ते मात्र स्कीइंग देत नाही. उताराचंही तसंच. उतारावर पळताना मांडीचा स्नायू ताणला जात असताना भार झेलतो, स्कीवर तो प्रकार फार थोडा. दम दोन-चार आठवड्यांत वाढतो, हाड महिने घेतं. म्हणजे आधी दम आणि हाड बरोबरीने दुबळे असतात म्हणून माणूस आपोआप बेतात राहतो. माझ्या बाबतीत दमाने हाडाला मागे टाकलं होतं. बैलगाडीला घोडा जुंपल्यावर दोष घोड्याचा नाही.

मला राग आला होता, खरं सांगते. ओस्लोत कुणी हे बोललं नाही. नंतर आठवलं, आजी म्हणाल्या होत्या, वसंतात सावकाश. मी ते हवामानाबद्दल समजले होते.

या वेळी वेळेत थांबले म्हणून दोन आठवड्यांत निभावलं. मग पळणं अगदी बालवाडीपासून : एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल, दहा वेळा, दिवसाआड. दर आठवड्याला मिनिट वाढवायचं, दम कितीही उरलेला असो. घरात पायरीवर उभं राहून टाचा वरखाली. दोरीच्या उड्या, आधी वीस, मग पन्नास. गडावरून पळत नाही, चालत उतरायचं, पावसाळा संपेपर्यंत. दमाची भूक भागवायला रोलर-स्की आणि काठ्या.

बेळगावला स्केटिंगचं वेड आहे, गल्लीगल्लीतली पोरं चाकांवर असतात, त्यामुळे पायांतल्या चाकांचं कुणाला नवल वाटत नाही. नवल काठ्यांचं. रिंकवर काठीच्या अणकुचीदार टोकाने फरशीला ओरखडे पडतील म्हणून घेत नाहीत, बरोबरच आहे. म्हणून पहाटे साडेपाचला कँपातले रस्ते. रुंद, झाडांची सावली, त्या वेळी फक्त फिरणारे म्हातारे आणि कुत्री. रोलर-स्कीला ब्रेक नसतो हे मी पहिल्या उतारावर शिकले, गवतात. तेव्हापासून नियम केला आहे, सपाट आणि चढ एवढंच. उतार आला की काढून हातात घ्यायच्या. हेल्मेट, हातमोजे, गुडघ्याला पॅड. वेंगुर्ला रोडवर एकदा नेल्या होत्या, सीमेपलीकडे जायच्या हौसेने. पळताना कधी कळलं नव्हतं, पण चाकांना हद्द बरोबर कळते. डांबराची खडी बदलली की तळपायापासून दातांपर्यंत फरक. कधी या बाजूचा रस्ता बरा असतो, कधी त्या. सीमाप्रश्नावर चाकांचं मत अजून ठरलेलं नाही.

कँपातच एक निवृत्त मराठा लाइट इन्फंट्रीवाले काका भेटले. मला बघून काठी टेकत उभेच राहिले. म्हणाले, "गुडघे वाकवा, बाई, गुडघे. गुलमर्गला आम्हाला पहिलं हेच शिकवलं." तरुणपणी लष्कराच्या तिथल्या शाळेत कोर्स केलेला. त्यांच्यामुळे घरच्यांचा विरोध निम्मा झाला. आपल्या लोकांचं आणि बर्फाचं काय, असं कुणी म्हटलं की मी आता कोडगूच्या भवानी टी. एन.चं नाव सांगते. कॉफीच्या मळ्यांतल्या जिल्ह्यातली मुलगी, कर्नाटकसाठी गुलमर्गला क्रॉस-कंट्रीत पदकं घेते. कोडगूत तरी कुठे बर्फ पडतो.

पण सगळ्यात जास्त उपयोग झाला तो नुसत्या काठ्यांचा. स्कीवाले उन्हाळ्यात बिनस्कीचे, काठ्या रोवत चढावर झेपा घेत जातात. नॉर्वेजियनमध्ये त्याला "एल्गहुफ्स" म्हणतात, म्हणजे सांबरासारख्या त्यांच्या मूसच्या उड्या. राजहंसगडाचा रस्ता त्यासाठी देवाने घडवलाय. मंगळवारी तिथेच चार गुणिले चार करते. नाडी पळण्याच्या शर्यतीइतकी चढते आणि पायावरचा थोडा भार काठ्या घेतात. सोबत कमरेच्या पट्ट्यात उकडलेलं रताळं.

डिसेंबरात हाफ पळाले, २ तास ९ मिनिटं. सात मिनिटं कमी. स्कीमुळेच का, ते छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. वजनही तीन किलो उतरलं होतं, डाव्या कमरेचे व्यायामही चालले होते आणि त्या दिवशी हवा गार होती. एवढं मात्र दिसलं की १५ किलोमीटरनंतर पूर्वी माझे खांदे वर चढायचे आणि पाठ वाकायची, तसं झालं नाही. आणि एक तोटाही दिसला. शेवटच्या किलोमीटरला पाय भरभर पडेनात. स्कीवर लांब लांब सरकायची सवय, पावलांची चपळाई गेलेली. म्हणून आता गुरुवारी शंभर-शंभर मीटरच्या सहा छोट्या धावा, नुसत्या पाय हलवायला.

गेल्या महिन्यात एका काठीचं टोक झिजून बोथट झालं. डांबरावर कार्बाइडचंच टोक लागतं, साधं पोलाद चार दिवसांत घासतं. ओस्लोहून मागवायचं म्हणजे काठीपेक्षा टपाल महाग. उद्यमबागेत यजमानांच्या ओळखीच्या एका लेथवाल्या मामांकडे गेले. त्यांनी टोक भिंगाखाली धरलं, डबा उपसला, वापरून टाकलेल्या टूलचा कार्बाइडचा तुकडा शोधला, घासला आणि ब्रेझिंग करून बसवून दिला. अर्धा तास. पैसे विचारले तर म्हणाले, "पैशाचं राहू दे. गाडीत ती चाकं आहेत न्हवं? आण बघू."

बूट दोन नंबर लहान होता, तरी त्यांनी पाय कोंबला. शटरला धरून उभे राहिले. कारखान्यातली सगळी पोरं लेथ बंद करून दारात.

"आता?" त्यांनी विचारलं.

"शटर सोडा," मी म्हटलं, "आणि गुडघे वाकवा."